उसना दिलेला बेस कॅब: चारही कोन हलतायत, मग आवाज निम्मा का?

केस अशी आहे. बेस गिटारचा चार बाय दहाचा कॅब, म्हणजे एका खोक्यात दहा इंची चार स्पीकर, मध्ये वरच्या सुरांसाठी छोटा हॉर्न, खाली पोर्ट म्हणजे हवेचं भोक, मागच्या प्लेटवर केबल लावायला स्पीकॉन आणि जॅक, लेबलवर ८ ओहम. वजन असं की जिन्यावरून न्यायला दोघं लागतात आणि वर पोचेपर्यंत दोघांचं भांडण झालेलं असतं. मित्राच्या बँडची मुळशीकडे एका रिसॉर्टवर लग्नाच्या संगीतची गिग होती, त्यांच्याकडे कॅब नव्हता, म्हणून माझा नेला. परत आला तेव्हा बाहेरून ठीकठाक, एका कोपऱ्यावरचं कार्पेट खरवडलेलं, बाकी काही नाही. वर "एकदम मख्खन वाजला रे" हे सर्टिफिकेट.

जॅमपॅडवर, म्हणजे आमच्या सरावाच्या खोलीत, लावला तर मख्खन कुठे दिसेना. आवाज येत होता, पण त्यात दम नाही, ई स्ट्रिंग वाजवली की नुसतं लाकूड बडवल्यासारखं आणि खालच्या नोटांना मागून कुठूनतरी फर्र फर्र. एरवी मास्टर पाव फिरवला की ड्रमरला ऐकू जातं, इथे अर्ध्याच्या पुढे नेला तरी तो विचारतोय, वाजवतोयस ना? आणि गंमत म्हणजे जाळीतून बॅटरी मारून बघितलं तर चारही कोन, म्हणजे स्पीकरचे पुढचे हलणारे पडदे, व्यवस्थित हलतायत.

आता इथे बहुतेक लोक दोनपैकी एक करतात, एकतर लगेच मित्राला फोन लावतात नाहीतर लगेच स्क्रू ड्रायव्हर काढतात. माझं मत असं की दोन्ही घाईचं. उसन्या दिलेल्या वस्तूत काय बिघडलंय आणि कोणी बिघडवलंय हे दोन प्रश्न एकमेकात गुंततात आणि दुसरा आधी सुरू केला की पहिल्याचं उत्तर कुणालाच नको असतं, समोरचा कानावर हात ठेवतो, आपण मागचं सगळं उकरून काढतो आणि कॅब तिथेच पडलेला असतो.

तर आधी सोपं ते. अँप दुसऱ्या कॅबला लावला, मस्त चालला, म्हणजे अँप सुटला. मग केबल. परत आलेल्या पिशवीत माझी स्पीकर केबल नव्हतीच, तिच्या जागी दोन्ही टोकांना जॅक असलेली साधी गिटारची केबल होती. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, जॅकचं झाकण फिरवून उघडलं की कळतं, स्पीकरच्या केबलमध्ये दोन जाड वायरी असतात आणि गिटारच्यात मध्ये एक केसासारखी बारीक वायर आणि भोवती जाळी. त्या बारीक वायरीतून स्पीकरचा करंट ढकलला की ती तापते आणि कधीकधी आतल्या आत शॉर्ट होते, मग अँपच्या आउटपुटचं काही खरं नाही. पण आपल्या केसमध्ये चांगली केबल लावूनही तोच मरतुकडा आवाज, म्हणजे केबल चुकीची असली तरी गुन्हेगार ती नव्हे.

मग मीटर. कॅब न उघडता, स्पीकर केबल कॅबला लावायची आणि अँपकडचं मोकळं टोक मीटरला. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघायच्या, माझा स्वस्तातला मीटर तेव्हाच ०.४ दाखवतो, ते नंतर वजा करायचं. ८ ओहमचा कॅब मीटरवर ८ दाखवत नाही हे पण लक्षात ठेवा, मीटर डीसी रेझिस्टन्स मोजतो आणि तो साधारण साडेपाच ते साडेसहाच्या आसपास येतो. हॉर्न या मोजणीत दिसतच नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसीला आत सोडत नाही. माझ्या कॅबला ५.७ यायला हवा होता. आला ११.८, म्हणजे ०.४ गेले तर ११.४, म्हणजे बरोब्बर दुप्पट.

हा आकडाच निम्मी केस सोडवतो. चार बाय दहाच्या ८ ओहमवाल्या कॅबमध्ये सहसा ८ ओहमचे चार स्पीकर असतात, दोन-दोन सिरीजमध्ये जोडून १६-१६ च्या दोन जोड्या आणि त्या दोन जोड्या पॅरलल, की झाले परत ८. आता एका जोडीतला एकच स्पीकर ओपन झाला, म्हणजे त्याची कॉइल, कोनच्या मागचं तांब्याच्या तारेचं वेटोळं, तुटली, की त्याचा सिरीजमधला जोडीदार धडधाकट असूनही गप्प बसतो. मेला एक, बंद पडले दोन. मीटरला उरलेली एकच जोडी दिसते, ५.७ अधिक ५.७, म्हणजे ११.४. उलट कॉइल शॉर्ट झाली असती तर आकडा कमी आला असता आणि तसा कॅब अँपला लावायचाच नाही, अँप घेऊन जातो तो. आपल्याकडे आकडा वाढला, म्हणजे अँपला १६ ओहमचा लोड, ट्रान्झिस्टरवाल्या नाहीतर क्लास डी अँपला त्याचं काही नाही, व्हॉल्व्हवाल्याची गोष्ट वेगळी.

पण मग चारही कोन हलत का होते? इथेच घोडं पेंड खातं. कॅबच्या आत चारही स्पीकरना हवा एकच आहे, मधे पार्टिशन नाही. जिवंत दोन कोन आत गेले की आतली हवा दाबली जाते आणि ती मेलेल्या दोघांना बाहेर ढकलते. म्हणजे ते वाजत नाहीयेत, नुसते हवेबरोबर डोलतायत, शिवाय खालच्या सुरांना उलट्या दिशेने, त्यामुळे उरलेला बेस पण ते खातात. निम्मे स्पीकर बंद पडल्याने आवाज तसाही ६ डेसिबलने खाली आलेला, त्यात हे. कोनला बोट लावून बघणाऱ्याला चारही जिवंत वाटणार.

खरं कळतं वरच्या सुरांना, कारण तिथे हवेच्या दाबाने कोन हलत नाही. वर्तमानपत्राची पुरवणी गुंडाळून नळी केली, एक टोक कानाला, दुसरं एकेका स्पीकरच्या तोंडाशी, आणि ड्रमरला सांगितलं की जी स्ट्रिंगवर बाराव्या फ्रेटच्या वर हळू आवाजात काहीही वाजव. उजवीकडचे वरखालचे दोन्ही टणटणीत, डावीकडचे दोन्ही ठार बहिरे. खोलीत सगळीकडून आवाज येत असताना नुसत्या कानाने हे कधीच कळलं नसतं, नळी लागतेच.

मग जाळी काढून डावीकडचे दोन स्पीकर बाहेर. इथे एक सांभाळायचं, मॅग्नेट स्क्रू ड्रायव्हर खेचतो आणि तो घसरला की थेट कोनमधून आरपार, म्हणून कोनवर पुठ्ठा ठेवूनच स्क्रू फिरवायचे. दुसरं म्हणजे वायरी काढून मगच मोजायचं, काढायच्या आधी त्यांना रंगीत टेप लावून. वायरी तशाच ठेवून मेलेल्या स्पीकरवर मीटर लावला तर करंट बाकीच्या तीन स्पीकरमधून फिरून येतो आणि मीटर १७ च्या आसपास दाखवतो, मग वाटतं चला, काहीतरी दाखवतोय म्हणजे जिवंत आहे. वायरी काढल्यावर खालचा ५.७ आणि वरच्यावर मीटर हलायलाच तयार नाही.

ओपन दिसला म्हणजे लगेच कॉइल जळली असंही नसतं. टर्मिनलपासून कोनपर्यंत जी विणलेली लवचिक वायर जाते ती हलून हलून तुटते बऱ्याचदा, आणि तसं असेल तर सोल्डरचा डाग मारला की काम झालं, खर्च जवळपास शून्य. म्हणून ती वायर कोनला जिथे चिकटवलेली असते तिथला डिंक हळूच खरवडून थेट त्या सांध्यावर पिना टेकवल्या. तिथेही काही नाही, म्हणजे कॉइलच. मग स्पीकर पाठीवर ठेवून दोन्ही हातांची बोटं कोनवर सारखी पसरून हलकेच दाबला, चांगला स्पीकर या वेळी कापसासारखा गप जातो आणि गप येतो, हा मात्र खर्र करून घासला. आणि मागच्या भोकाशी नाक नेलं तर जळक्या वार्निशचा वास, इतके दिवस जाऊनही. कॉइल तापून फुगली, घासली आणि शेवटी तुटली.

आता फोन करायला हरकत नव्हती, कारण आता प्रश्न विचारता येत होता. कोणी फोडला असं नाही विचारलं, म्हटलं त्या दिवशी त्यातून काय काय वाजवलंत रे? मित्र म्हणाला बेसच, अजून काय. तेवढ्यात मागून त्यांचा कीबोर्डवाला बोलला, "अरे दादा, साउंडवाल्याचा सब चालत नव्हता ना, म्हणून ट्रॅक पण त्यातच टाकला होता." सब म्हणजे नुसत्या खालच्या सुरांचा मोठा स्पीकर. पाणी मुरत होतं ते इथे.

बेस गिटार आणि बॅकिंग ट्रॅक, म्हणजे मागे लावलेलं रेकॉर्डेड संगीत, यात फरक काय, तर बेसची नोट जोरात सुरू होते आणि लगेच उतरते, मधे गॅप असतात, कॉइलला श्वास घ्यायला वेळ मिळतो. संगीतमध्ये वाजणारे ट्रॅक दाबून दाबून एका लेव्हलला आणलेले असतात, खालचा किक आणि सब बेस अखंड. स्पीकरला दिलेल्या पॉवरपैकी जेमतेम काही टक्केच आवाज होतो, बाकी सगळी उष्णता आणि ती त्या दोन इंची कॉइलमध्ये साठते. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल दीडशे डिग्रीने तापली की ५.७ चे नऊ होतात, आवाज आपोआप बसतो, आणि आवाज बसला की स्टेजवरचा माणूस काय करतो तर अजून वाढवतो. एक कॉइल गेली की आवाज निम्मा झाला आणि तो परत वाढवला असणार, उरलेले दोन वाचले हे नशीब. त्यांना गिगच्या मधेच काहीतरी झालंय हे कळलं नाही यात मला खोटं वाटत नाही, लॉनवर उघड्यावर वाजवताना आणि समोर दीडशे पाहुणे नाचत असताना कोण ऐकतंय ई स्ट्रिंग.

फर्र फर्रचं प्रकरण अजून बाकी होतं आणि त्याचा जळलेल्या कॉइलशी संबंध नाही हे आधीच दिसत होतं, कारण डावीकडचे दोघं बंद होते आणि आवाज मागून येत होता. मोबाईलवर टोन जनरेटरचं फुकटातलं अ‍ॅप असतं, त्यातून ३० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सूर फिरवत नेला, कमी आवाजात. साधारण १२० ला खणखण सुरू झाली, ती जाळीचा वरचा कोपरा दाबला की थांबायची, तिथली फोमची पट्टी गळून पडली होती. ही माझ्याकडे असतानाची, खूप आधीची, मित्राच्या खात्यात नाही. आणि ४५ च्या आसपास ती मूळ फर्र. हवा कुठूनतरी लीक होतेय इतकं कळत होतं पण हाताला जागा सापडेना.

त्यावर उपाय घरातच असतो. पंखा बंद केला, खिडकी लावली, उदबत्ती पेटवली आणि ४५ चा सूर चालू ठेवून ती कॅबच्या सगळ्या जोडांवरून सावकाश फिरवली. पोर्टपाशी धूर नाचणारच, तो सोडून द्यायचा. मागच्या हँडलपाशी धूर सरळ वर. जॅकच्या प्लेटच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापाशी आणली आणि धुराची रेघ एकदम आडवी, फुंकर मारल्यासारखी, सुराच्या तालात थरथरत. प्लेट काढली तर कोपऱ्याला बारीक तडा, प्लास्टिक आतून कोरं पांढरं, धुळीचा कण नाही, तर बाकीच्या प्लेटच्या मागे वर्षांची काळी पुटं. म्हणजे तडा ताजा. बाहेर बरोबर त्याच बाजूचा कोपरा खरवडलेला. टेम्पोत कॅब पाठीवर आडवा टाकला होता आणि वर ड्रमच्या स्टँडची बॅग, हे मित्राने स्वतःच सांगितलं, त्याने यात काही लपवायचा प्रयत्न केला नाही.

प्लेट पुण्यातल्या तपकीर गल्लीत मिळाली, अगदी तशीच नाही पण भोकं जुळणारी, खाली फोमची गॅस्केट टेप लावून बसवली. स्पीकरचं काय करायचं यावर मात्र बरंच डोकं चाललं. मूळ कंपनीचा स्पीकर बाहेरून मागवला तर किंमत, कुरिअर, कस्टम असं करत आकडा असा झाला की त्यात अजून थोडे घालून सेकंडहँड कॅब येईल. उरला रिकोन, म्हणजे जुन्याच मॅग्नेटवर नवी कॉइल आणि नवा कोन बसवणं. आपल्याकडे रिकोन करणारे भरपूर आहेत, डीजेवाल्यांच्या जिवावर चालतं सगळं, फक्त गणपतीच्या आगेमागे गेलात तर पंधरा आणि अठरा इंचींच्या ढिगात तुमचा दहा इंची कुठे जाईल पत्ता लागत नाही.

रिकोनवाल्या काकांनी जुना कोन कापून काढला, मॅग्नेटमधल्या ज्या फटीत कॉइल हलते त्या गॅपमधली जळकी वार्निश खरवडली, चिकट टेपने लोखंडाचा कीस उचलला. पहिला प्रश्न त्यांचा, "चारची टाकू का आठची?" हे आपणच ठणकावून सांगायचं असतं, ८ चीच, कारण सिरीजच्या जोडीत एक ४ ची आली की सगळं गणित बिघडतं आणि जोडीतल्या दुसऱ्यावर भार जातो. मग नवी कॉइल गॅपमध्ये सोडून तिच्या आत चारी बाजूंनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कॉइल बरोबर मधोमध राहते, स्पायडर, म्हणजे कॉइलला मधोमध धरणारी लवचिक चकती, चिकटवला, कोन चिकटवला, रात्रभर सुकू दिला, मग पट्ट्या ओढून काढल्या आणि सगळ्यात शेवटी डस्ट कॅप. कोणाच्या तरी गुडघ्याच्या एक्स-रेवर माझ्या स्पीकरचं सेंटरिंग झालंय. खर्च दोन हजाराच्या आत. मूळ कोन आणि हा कोन एकसारखे नाहीत, याचा काठ जरा कडक आहे, हे मान्य करूनच घेतला.

घरी मोजला, ६.४, चालतंय. कोन दाबून बघितला, गप. बसवला, कॅबचं मोजलं तर ५.९ च्या जरा खाली, गणिताप्रमाणे. फर्र गेली. लावला अँपला आणि ये रे माझ्या मागल्या, बेस परत गायब!

यावेळी नळी लावली तर चारही स्पीकर बोलत होते. मीटर बरोबर, आवाज चारही ठिकाणी, तरी दम नाही, तर मग एकच गोष्ट उरते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेतली, स्पीकर केबलच्या मोकळ्या टोकाला क्षणभर टेकवली, प्लसला प्लस. तीन कोन बाहेर आले, नवा आत गेला. रिकोन करताना कॉइलच्या दोन वायरी टर्मिनलला उलट्या डागल्या होत्या. तीन ढकलतायत आणि एक ओढतोय, हिशेब केला तर तीनातून एक गेला उरले दोन, म्हणजे खालच्या सुरांना बरोब्बर तेवढाच आवाज जेवढा जळलेल्या स्पीकरसकट येत होता. रिपेर करून माणूस मूळ जागी. काकांकडे परत जायची गरज नव्हती, त्या स्पीकरच्या मागच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि टर्मिनलवर मार्करने लाल ठिपका दिला. परत बॅटरी, चारही एकदम बाहेर. ई स्ट्रिंग वाजवली आणि शेल्फवरच्या झांजा वाजायला लागल्या. रिकोन करून आणलेला कुठलाही स्पीकर बसवायच्या आधी बॅटरी टेकवून बघा, बॅटरी जास्त वेळ धरून ठेवू नका, नुसता स्पर्श पुरतो.

पैशाचं असं झालं की मित्राची पहिली प्रतिक्रिया "जुनाच होता ना रे" अशी होती आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही, जुन्या कॉइलचा डिंक लवकर सुटतो. पण वयाने डिंक सुटतो, वार्निश जळून काळी पडत नाही, आणि ती कापलेली कॉइल मी पिशवीत घालून ठेवली होती, ती बघितल्यावर त्याने वाद घातला नाही. रिकोन आणि जॅकची प्लेट त्याने दिली, जाळीची पट्टी आणि गॅस्केट टेप माझी, गायब झालेली स्पीकर केबल रिसॉर्टच्या साउंडवाल्याकडे निघाली ती परत आली.

राहिला हॉर्न. उघडलंच होतं तर तो पण मोजला, कपॅसिटरच्या पुढे थेट टर्मिनलवर, आणि तो सुद्धा ओपन. त्याला जपायला क्रॉसओव्हरवर, म्हणजे हॉर्नला फक्त वरचे सूर पाठवणाऱ्या सर्किटवर, गाडीच्या बल्बसारखा बल्ब असतो, तो शाबूत, डायफ्रॅमच, म्हणजे हॉर्नचा आतला पडदाच, गेलाय. मित्राने स्वतःहून म्हटलं की हा पण धर माझ्यात. पण मागच्या प्लेटवरचं हॉर्नचं बटण माझ्याकडे कायम शून्यावर असतं, मला तो चिकचिकाट आवडत नाही, त्यामुळे हा मुळशीला गेला की त्याआधीच हे कुणीच सांगू शकत नाही आणि जे सांगता येत नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. डायफ्रॅम मिळतो बाजारात, स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारा बडवत वाजवणाऱ्याला लागेल, मी वाजवत नाही, म्हणून ते काम यादीत सगळ्यात खाली आहे.